किनाऱ्यावरचे ओझे कोणाच्या माथ्यावर?

(सीताबर्डी, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले की, नागपूरकरांपुढे बंदरांवर बोलण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. आपण जेथे बसलो आहोत तेथून हाकेच्या अंतरावर झीरो माइलचा दगड उभा आहे. येथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरीही नागपूरचा समुद्राशी संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात आली, ती आपल्या सोयीसाठी नव्हे, तर वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदरात नेण्यासाठी. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी याच नगरीत एम्प्रेस मिल सुरू केली, त्यामागे कापूस परदेशी पाठवून कापड परत विकत घेण्याचा उलटा व्यवहार थांबविण्याची दृष्टी होती. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि समुद्र आपल्याला आणखी जवळ आला. संत्रे असो, कापसाची गाठ असो वा बुटीबोरीच्या कारखान्यातील यंत्राचा भाग असो, त्याचा अंतिम भाव ठरविण्यात बंदरावरच्या खर्चाचा वाटा असतो. आणि बंदरावरचा खर्च म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी : उभ्या जहाजाचा वेळ आणि ओझे उचलणाऱ्या माणसाचे श्रम.

मोठ्या बंदरांविषयी वृत्तपत्रांतून बरेच छापून येते. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला मंजुरी दिली, त्याच्या ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाचा आकडा आपण सर्वांनी वाचला. मला मात्र आज लहान बंदरांविषयी आणि तेथे राबणाऱ्या असंघटित श्रमिकाविषयी बोलायचे आहे. कारण आजवर या किनाऱ्याविषयीचे निर्णय होताना त्याला कोणी विचारलेले नाही, आणि येत्या काही वर्षांत होणारे निर्णय त्याच्या दोन-तीन पिढ्यांचे भवितव्य ठरविणार आहेत.

मिठाच्या एका पत्राचा धडा

महाराष्ट्राचा किनारा आपण शाळेत ७२० किलोमीटरचा म्हणून पाठ केला. त्यावर ४८ लहान बंदरे अधिसूचित आहेत आणि १९९६ पासून त्यांचा कारभार महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. डहाणू, धरमतर, रेवदंडा, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, रेडी ही नावे आपल्याला इतिहासातून ठाऊक आहेत. आज पर्यटनातूनही ती कानावर पडतात. परंतु ही सारी एकेकाळी व्यापाराची जिवंत ठाणी होती. फत्तेमारी, मचवे, पडाव, गलबते यांतून मीठ, तांदूळ, नारळ, इमारती लाकूड, मंगळुरी कौले असा माल एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जात असे.

या व्यापाराकडे राज्यकर्त्याने कसे पाहावे, याचा वस्तुपाठ छत्रपती शिवाजी महाराजांनी घालून दिला आहे. १६७१ सालचे, कुडाळच्या सरसुभेदारांना लिहिलेले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मीठ पडून राहील, हे महाराजांनी ओळखले आणि बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. पत्राचा विषय मीठ आहे. पण त्यामागे किनाऱ्यावरचा आगरी, मचव्याचा तांडेल, बंदरावरचा हमाल आणि सरकारी खजिना हे सारे एकाच साखळीचे दुवे आहेत, ही जाण आहे. एक दुवा तुटला की साखळी तुटते.

इंग्रजी अमदानीत ही साखळी तुटली. किनाऱ्यावरील वाहतूक परकीय कंपन्यांच्या हाती गेली. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखीव असावा, यासाठी सराभाई हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले होते. त्या वेळी ते फळास आले नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र ही मागणी मान्य झाली आणि १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने तिला कायमचे रूप दिले.

जहाजे आपली झाली, पण लहान बंदरांचे दैन्य फिटले नाही. रस्ते सुधारले, ट्रक दारापर्यंत येऊ लागला, १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. खाड्या गाळाने भरत गेल्या. आज ४८ बंदरांपैकी मालवाहतुकीच्या दृष्टीने जयगड, धरमतर, दाभोळ, दिघी अशी मोजकीच नावे घेता येतात. उरलेल्या बहुतेक ठिकाणी मासेमारी आणि फेरीबोटी एवढाच काय तो वावर आहे.

समुद्र स्वस्त, धक्का महाग

जलमार्ग स्वस्त, हे आपण सतत ऐकतो. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रस्त्याने अडीच रुपयांच्या आसपास, रेल्वेने सव्वा ते दीड रुपया आणि जलमार्गाने रुपयाच्या आसपास खर्च येतो, असे ढोबळ आकडे सरकारी अहवालांतून दिले जातात. मग प्रश्न असा की, एवढे स्वस्त असूनही मुंबईचा व्यापारी रत्नागिरीला माल ट्रकनेच का पाठवितो?

याचे उत्तर धक्क्यावर सापडते. एक साधे गणित मांडू. समजा, एक हजार टन सिमेंट मुंबईहून रत्नागिरीला पाठवायचे आहे. ५० किलोच्या पोत्याच्या हिशेबाने ही २०,००० पोती झाली. ट्रकने पाठविल्यास प्रत्येक पोते दोन वेळा हाताळले जाते : गोदामावर चढविताना आणि दुकानात उतरविताना. समुद्रमार्गे पाठविल्यास गोदामातून ट्रकवर, ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजात, जहाजातून धक्क्यावर, धक्क्यावरून पुन्हा ट्रकवर आणि शेवटी दुकानात, अशी सहा वेळा हाताळणी होते. चाळीस हजारांऐवजी एक लाख वीस हजार उचली! आता जहाजाचे पाहा. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर लहान जहाज अर्ध्या-पाऊण दिवसात कापते. परंतु एका टोळीने एका पाळीत दीड हजार पोती भरली असे धरले, तर २०,००० पोत्यांना तेरा पाळ्यांहून अधिक काळ लागेल. चार टोळ्या एकदम लावल्या तरी तीन पाळ्या पुरणार नाहीत. रिकामे करतानाही तोच हिशेब. म्हणजे जहाज जेवढा वेळ समुद्रात असते, त्याच्या कितीतरी पट वेळ ते धक्क्याला बांधून उभे राहते, आणि उभ्या जहाजाचेही कर्जाचे व्याज, खलाशांचा पगार आणि बंदराचे भाडे चालूच असते.

यात निसर्गाची भर आहे. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्याने अनेक ठिकाणी भरतीच्या वेळीच जहाज आत येऊ शकते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. आज दुपारी बाराला आलेले पाणी आठवड्याने संध्याकाळी येणार. कामगारांची पाळी मात्र घड्याळाप्रमाणे सकाळी आठला सुरू होते. या दोन घड्याळांचा मेळ बसला नाही की एक भरती चुकते, आणि एक भरती चुकली की जहाजाचा निदान अर्धा दिवस वाया जातो. शिवाय मेअखेरीस समुद्र खवळला की लहान नौका किनाऱ्याला ओढल्या जातात, त्या नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणजे बंदरावरच्या हमालाला वर्षातून आठ-नऊ महिनेच काम. उरलेले दिवस तो भातलावणीला जातो किंवा घरी बसतो.

याचा अर्थ लक्षात घ्या. लांबच्या प्रवासात जहाज महिनाभर समुद्रात असते, तेथे धक्क्यावरचे दोन दिवस फारसे जाणवत नाहीत. किनारी वाहतुकीत अंतर लहान असल्याने सारा जमाखर्च धक्क्यावरच ठरतो. म्हणून किनारी जहाजवाहतुकीचा प्रश्न हा मुळात श्रमाच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे. आपल्या नियोजनकारांनी खाडीतला गाळ काढण्याचा विचार केला, धक्के बांधण्याचा विचार केला. धक्क्यावरच्या माणसाचा विचार करायचे मात्र राहून गेले.

मुंबईच्या गोदीने काय शिकविले?

हा विचार एकेकाळी मुंबईत झाला होता. तेथे गोदी कामगाराची भरती टोळीवाला आणि मुकादम यांच्या मर्जीने होत असे. पहाटे गोदीच्या दाराशी गर्दी जमायची, मुकादम बोट दाखवील त्याला काम, उरलेल्यांना उपास. काम मिळाले तरी मजुरीतून मुकादमाचा वाटा जायचा. अशा अनिश्चिततेत माणूस कर्जबाजारी आणि व्यसनी न झाला तरच नवल. व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात ही रोजंदारीची अनिश्चितता संपविण्याची शिफारस केली. तिला मूर्त स्वरूप येण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९४८ साली गोदी कामगार रोजगार नियमन कायदा झाला आणि १९५१ च्या योजनेनुसार मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले. कामगारांची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले आणि काम नसलेल्या दिवशीही किमान काही रक्कम हातात पडू लागली.

हे आपोआप झाले नाही. पी. डिमेलो, एस. आर. कुलकर्णी, डॉ. शांती पटेल अशा नेत्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांची विचारसरणी आपल्याला मान्य असो वा नसो, ज्याला मुकादमाच्या दारात उभे राहावे लागत होते त्याला नोंदणीपुस्तक मिळवून दिले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु व्यवस्था कितीही चांगली असली तरी तिच्यात कालांतराने दोष शिरतात. टोळीत किती माणसे असावीत हे जे एकदा ठरले, ते काम बदलले तरी बदलेना. यंत्र आले तरी टोळी तेवढीच राहिली. जादा कामाचा भत्ता हा हक्काचा पगार मानला जाऊ लागला. तिकडे जगात २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराने ‘आयडियल-एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या ठेवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या होत्या आणि कंटेनरचे युग सुरू झाले होते. हा पहिला प्रवासही किनारी वाहतुकीचाच होता, हे विशेष! गोणी पाठीवर वाहण्याचे युग तेव्हाच संपत आले होते. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा ओघ हळूहळू तिकडे वळला. १९९४ साली मुंबईचे डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. एका पर्वाची ती समाप्ती होती.

फेलिक्स्टोव्हचा इशारा

हेच इंग्लंडमध्येही घडले, आणि तेथील अनुभव आपल्या लहान बंदरांच्या दृष्टीने फार बोलका आहे. ब्रिटनने १९४७ साली गोदी कामगारांसाठी राष्ट्रीय योजना आणली. लंडन, लिव्हरपूल अशी सारी प्रमुख बंदरे तिच्यात होती. पूर्व किनाऱ्यावरील फेलिक्स्टोव्ह हे तेव्हा इतके क्षुल्लक बंदर होते की त्याला योजनेत घेण्याची कोणाला गरजच वाटली नाही. पुढे कंटेनर आले तेव्हा योजनेबाहेरच्या याच बंदरावर नव्या पद्धती बिनविरोध राबविता आल्या आणि ते देशातील सर्वांत मोठे कंटेनर बंदर झाले. लंडनच्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. १९८९ साली सरकारने योजनाच रद्द केली आणि १९९५ मध्ये लिव्हरपूलला सुमारे ५०० गोदी कामगारांना काढून टाकले गेले.

यातून दोन प्रकारची माणसे दोन वेगळे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, संघटनांनी बंदरे बुडविली. दुसरा म्हणतो, मालकांनी कायद्याबाहेरची जागा शोधून कामगाराला बुडविले. माझ्या मते दोन्ही अर्धसत्ये आहेत. मोठ्या बंदराला कडक नियम आणि लहान बंदराला नियमच नाही, अशी विषमता असली की माल, भांडवल आणि काम लहान बंदराकडे धावणारच. त्यात मोठ्या बंदरातील कामगाराची नोकरी जाते आणि लहान बंदरातील कामगाराला संरक्षणही मिळत नाही. शेवटी दोघेही हरतात.

याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वेगळा मार्ग निघाला होता. तेथील संघटनेचा नेता हॅरी ब्रिजेस हा कडवा डावा म्हणून ओळखला जाई. पण १९६० साली त्याने मालकांशी करार केला : यंत्रे आणा, आम्ही अडविणार नाही, मात्र यंत्रामुळे होणाऱ्या बचतीचा ठराविक हिस्सा कामगारांच्या निधीत टाका. नोंदणीकृत कामगारांना हमी मिळाली, वयस्कांना सन्मानाने निवृत्ती मिळाली आणि बंदरेही टिकली. विचारांनी डाव्या असलेल्या माणसाला जे व्यवहारात कळले, ते आपल्याकडे अनेकांना कळू नये, याचे आश्चर्य वाटते.

आजचे चित्र : कंत्राट, बार्ज आणि बघ्याची मजुरी

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. आजची चालती लहान बंदरे प्रामुख्याने एखाद्या उद्योगाच्या गरजेतून उभी राहिली आहेत. रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या खाडीवर धरमतर आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल मोठ्या जहाजांतून उतरवून बार्जने तेथे आणला जातो. २००९ साली सुरू झालेले जयगड हेही अशाच औद्योगिक गरजेचे अपत्य. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेले. येथे माल पाठीवरून वाहिला जात नाही. ग्रॅब, पट्टे आणि क्रेन ते काम करतात. कामगार थोडे लागतात, आणि त्यातलेही अनेक कंत्राटी असतात. ज्या गावची खाडी, त्या गावच्या तरुणाला क्रेन चालविता येत नाही म्हणून तो पहारेकरी किंवा सफाई कामगार होतो. कुशल माणूस बाहेरून येतो. यात अन्याय कोणी मुद्दाम केला असे नव्हे. पण त्या तरुणाला शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हे कोठेच लिहिलेले नाही.

एकाच मालावर किंवा एकाच ग्राहकावर अवलंबून राहण्याचा धोका गोव्याने भोगला. मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिज वाहणारे बार्ज ही गोव्याची ओळख होती. भरभराटीच्या वर्षांत पाच कोटी टनांच्या घरात खनिज निर्यात होत होते. बेकायदा उत्खननाची प्रकरणे उघड झाल्यावर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. खाणमालकाकडे गंगाजळी होती. पण बार्जवरचा तांडेल, खलाशी, दुरुस्तीच्या धक्क्यावरचा वेल्डर यांच्याकडे काय होते? कायदा मोडणाऱ्यांना चाप बसलाच पाहिजे, पण कायदा मोडण्यात ज्यांचा हात नव्हता त्यांची चूल विझावी, हे न्यायाचे लक्षण नव्हे.

दुसरे टोक केरळमध्ये दिसते. तेथे ओझेवाल्यांच्या संघटना प्रबळ आहेत आणि १९७८ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. त्याच केरळात ‘नोक्कुकूली’ नावाचा प्रकार फोफावला. नोक्कुकूली म्हणजे नुसते बघत राहिल्याबद्दलची मजुरी. माल यंत्राने उतरवा किंवा घरच्या माणसांनी उतरवा, संघटनेच्या माणसाला पैसे द्यावेच लागत. अखेर १ मे २०१८ पासून राज्य सरकारला ही प्रथा बंद केल्याचे जाहीर करावे लागले. २०२१ साली कोची, बेपूर आणि अळीक्कल या बंदरांना जोडणारी किनारी कंटेनर सेवा तेथे मोठ्या आशेने सुरू झाली, पण ती टिकली नाही. तिच्या अपयशाची कारणे अनेक असतील. परंतु कामाविना दाम मागणाऱ्या वातावरणात नवा उद्योग रुजत नाही, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्याकडेही माथाडीचे नाव सांगून ‘वराई’च्या रूपाने खंडणी उकळणारे निघाले आहेतच. त्यांनी सर्वांत मोठे नुकसान केले, ते खऱ्या माथाडीचे.

उपाय आपल्याच घरात आहे

खरे तर, या प्रश्नावर महाराष्ट्राने एक उत्तर शोधून ठेवले आहे आणि त्याचा आपल्यालाच विसर पडला आहे. मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी कायदा केला. असंघटित ओझेवाल्यासाठी इतका विचारपूर्वक केलेला कायदा त्या काळी देशात दुर्मीळ होता. त्याची रचना पाहा. मालक, कामगार आणि सरकार यांचे मिळून एक मंडळ. टोळीची आणि मालकाचीही नोंदणी. मालक मजुरी आणि तिच्यावरची ठराविक लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची सोय करते. कामगार आज या दुकानात, उद्या त्या दुकानात काम करीत असला, तरी त्याचे खाते एकच राहते. नागपुरातही असे मंडळ आहे. कळमन्याच्या बाजारात पहाटे संत्र्याचे ढीग हलविणाऱ्या हमालाला या कायद्याचे मोल विचारून पाहावे.

आता महत्त्वाचा मुद्दा. या कायद्याच्या अनुसूचीत गोदीतील चढ-उताराच्या कामाचाही समावेश आहे. १९४८ च्या कायद्याखाली येणारे गोदी कामगार तेवढे त्यातून वगळले होते. १९४८ च्या कायद्यातही मोठ्या बंदरांसाठी केंद्र आणि इतर बंदरांसाठी राज्य सरकार, अशी योजनांची स्पष्ट वाटणी होती. म्हणजे लहान बंदरावरच्या हमालाला संरक्षण देण्याची दारे प्रारंभापासून उघडी होती. त्या दारांतून जाण्याची इच्छाशक्ती कमी पडली.

मी येथे तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, कोकणातील सर्व लहान बंदरांचे मिळून एकच श्रमिक मंडळ असावे. एकेका बंदरावर काम तुटपुंजे असते, पण सर्व बंदरांचे काम एकत्र केले तर नोंदणीकृत टोळीला अधिक दिवस काम मिळू शकते. पावसाळ्यातील बंद महिन्यांसाठी लेव्हीतूनच निर्वाह भत्ता द्यावा आणि तेच महिने प्रशिक्षणासाठी वापरावेत. क्रेन, फोर्कलिफ्ट, बार्जचे इंजिन यांचे शिक्षण त्याच गावच्या मुलाला मिळावे. दुसरी सूचना, कामाचे तास भरतीप्रमाणे ठरावेत. अवेळी कामाला जादा दाम जरूर द्यावा, परंतु भरती चुकू न देणे ही टोळीची सामूहिक प्रतिज्ञा असावी. आणि तिसरी, टोळीचा आकार यंत्राबरोबर बदलावा, मात्र त्यातून होणाऱ्या बचतीचा हिस्सा मंडळाच्या निधीत यावा. बघ्याची मजुरी कोणाला नको आणि यंत्रामुळे रिकामा झालेला माणूसही कोणी वाऱ्यावर सोडू नये.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीला १९२० साली जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळला भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा मालक विरुद्ध मजूर अशी दोनच पक्षांची मांडणी त्यांनी नाकारली. उद्योगात तिसरा पक्ष असतो आणि तो म्हणजे राष्ट्र, हा त्यांचा आग्रह होता. लहान बंदराच्या संदर्भात हा तिसरा पक्ष कोण? खताच्या पोत्याची वाट पाहणारा शेतकरी, सिमेंटची वाट पाहणारा घरबांधणी करणारा गृहस्थ, डिझेलच्या आयातीवर परकीय चलन खर्च करणारा देश. मात्र ठेंगडींच्या विचाराची दुसरी बाजूही तितकीच ठाम होती : काम चोख असेल तर त्याचे दाम पुरे मिळालेच पाहिजेत. पहिली बाजू मालकांना आवडते, दुसरी मजुरांना. दोन्ही एकत्र स्वीकारल्या तरच त्यांना अर्थ आहे.

वेळ आताच का?

अध्यक्ष महोदय, हे सारे आताच का बोलायचे? कारण २०२५ या एका वर्षात या क्षेत्राचे जवळजवळ सारे कायदे बदलले. किनारी जहाजवाहतुकीसाठी स्वतंत्र कायदा झाला. भारतीय जहाजांवरील परवान्याची अट त्याने दूर केली, परकीय जहाजांसाठी मात्र परवाना आवश्यक ठेवला आणि किनारी वाहतुकीची राष्ट्रीय योजना आखण्याचे बंधन सरकारवर घातले. १९०८ चा बंदर कायदा जाऊन नवा आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा १९८६ चा कायदा त्यांपैकी एका संहितेत विलीन झाला.

जुने, विखुरलेले कायदे एकत्र आणणे आवश्यकच होते. त्या संहितेने बंदरातील कामाला, तेथे किती माणसे आहेत हे न पाहता, आपल्या कक्षेत घेतले आहे, हेही स्वागतार्ह आहे. परंतु त्याच संहितेत कंत्राटदाराला परवाना लागतो तो ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेव्हाच. मोठ्या बंदरावर हा आकडा लहान वाटेल. लहान बंदरावर मात्र वीस-पंचवीस माणसांची टोळी हेच नेहमीचे प्रमाण. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच चाळणीतून खाली पडतो. लहान बंदरे हा राज्याच्या अखत्यारीतील विषय असल्याने ही फट बुजविण्याचे काम मुंबईतील सरकारचे आहे, आणि त्यासाठी लागणारे माथाडी कायद्याचे साधन सरकारच्या हाताशी आहे.

फेलिक्स्टोव्हची गोष्ट मी विस्ताराने सांगितली, ती यासाठी. आपली लहान बंदरे आज क्षुल्लक आहेत म्हणून त्यांच्या श्रमिकांचा विचार लांबणीवर टाकता येईल, असे कोणाला वाटेल. परंतु व्यवस्था बसवायची ती बंदर लहान असतानाच. ते मोठे झाल्यावर एका बाजूला हितसंबंध तयार झालेले असतात आणि दुसऱ्या बाजूला असंतोष साचलेला असतो. मग जे सामोपचाराने झाले असते ते संपाने आणि लाठीने होते, आणि त्यात नुकसान सर्वांचेच असते.

येथे जमलेल्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांचा कामगार क्षेत्राशी संबंध आहे, अनेकांचे नातेवाईक कोकणात आहेत. कोकणात जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा, पण किल्ल्याखालच्या धक्क्यावरही तासभर थांबा. तेथे माल उचलणाऱ्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, अपघात झाला तर त्याला कोण विचारील, पावसाळ्यात त्याची चूल कशावर पेटते, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली तर लिहून काढा आणि स्थानिक आमदारापर्यंत, कामगार आयुक्तांपर्यंत पोहोचवा. कायद्याचे कलम कागदावर असते. त्याला धक्क्यावर न्यावे लागते, आणि ते नेण्याचे काम समाजाचे आहे.